सोळा गाद्यांचं वजन

१

धाकटा सापडला तो कड्याच्या पायथ्याशी, उताणा पडलेला, दोन्ही हातांत हातमोजे नीट चढवलेले. त्याच्या डोक्यावर दीडशे मीटर उघडाबोडका खडक होता आणि खडकाच्या माथ्यावर ते जुनं विश्रामगृह. गिर्यारोहकांनी तिथे येणं सोडूनही दहा वर्षं झाली होती. आता ते कायमचं बंद व्हायचं होतं आणि आतलं सामान खाली आणायचं होतं. वर जायला अडीच तासांची निसरडी पायवाट, गाडीरस्ता नाही. म्हणून हेलिकॉप्टर.

हे हेलिकॉप्टर एका घराचं होतं. ताई ते उडवायची, धाकटा भाऊ वर सामान जाळ्यात बांधून लोंबत्या दोराच्या हुकाला अडकवायचा, आणि खाली ते सोडवून घ्यायला त्यांचे वडील. वडील स्वतः एके काळी नावाजलेले वैमानिक. डोळ्यांनी दगा दिल्यावर जमिनीवर आले, पण सगळे त्यांना अजून वस्तादच म्हणत. पाऊस पडून गेल्यावर फळबागांवर घिरट्या घालून झाडांवरचं पाणी झटकायचं, विजेच्या तारांना भिडलेल्या फांद्या लोंबत्या करवतीनं छाटायच्या, उंच इमारतींच्या गच्चीवर यंत्रं उतरवायची. जे काम दुसरं कोणी घेत नसे, ते यांच्याकडे येई.

"तुम्हाला फक्त सही करायचीये मॅडम," फौजदार म्हणाले. "हेलिकॉप्टरचा दोष नाही, एवढंच लिहा. बाकी सगळं आमच्याकडे तयार आहे."

तपासनीस बाईंना तयार गोष्टींचा पहिल्यापासून राग. पस्तीस वर्षं यंत्रांत आणि अपघातांत गेलेली, उजवा गुडघा कामातून गेलेला, आणि निवृत्तीला चार महिने. त्यांनी खुर्ची ओढली.

"काय तयार आहे?"

"विश्रामगृहाचा रखवालदार. बावीस वर्षं वर एकटा राहतोय. सामान न्यायला आले तेव्हा त्यानं चारचौघांत सांगितलं होतं, माझ्या शेगडीला हात लावेल त्याला कड्यावरून ढकलेन. मेलेल्याच्या छातीवर आडवा वळ आहे, हा एवढा रुंद. शेगडीची लोखंडी सळई. झालं ना?"

"आणि शेवटच्या फेरीत ताईनं बोजा रानात टाकला, ते?"

"ते वेगळं. बोजा हेलकावे खायला लागला म्हणून तिनं सोडून दिला. गाद्या होत्या हो नुसत्या! कोणाला लागलं नाही."

 बाईंनी टेबलावरचं गाठोडं सोडलं. धाकट्याचं जाकीट कुणीतरी झटकून साफ केल्यासारखं दिसत होतं. पण मागची टोपी आत दुमडलेली राहिली होती. बाईंनी ती उलटी केली, तसा कागदावर पाइनच्या हिरव्या सुयांचा छोटा ढीग पडला.

खिडकीतून कडा दिसत होता. त्याच्यावर गवताची काडीसुद्धा नव्हती.

२

ताई तळावर होती. तळ म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड, इंधनाची टाकी आणि एक खोली. ती पंख्याच्या पात्यांवरचं बर्फ पुसत होती. ते काम तासाभरापूर्वी झालं असावं, कारण पाती कोरडी ठणठणीत होती.

"त्याला फाशी होईल का?" तिनं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"मी हेलिकॉप्टर बघायला आलेय."

"हेलिकॉप्टरला काय धाड भरलीये? तो म्हातारा बघा ना. बाबा काही बोलत नाहीत, जेवत नाहीत. मला एकटीला फौजदाराच्या मागं लागावं लागतंय. भाऊ होता तो माझा. शाळेत असताना त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधायचे."

बाईंनी तिला बोलू दिलं. मग शेवटची फेरी विचारली.

"अकरावी. तीन वाजत आलेले. वर ताजं बर्फ होतं, पंख्याच्या वाऱ्यानं ते सगळं उडायचं. खाली पांढरंफटक. तो हुक अडकवायचा, ढगातून बाहेर चालत यायचा, हात वर करायचा. मग मी उचलायचे. दहा फेऱ्या असंच."

"आणि अकरावी?"

"तेव्हा बाहेर आला नाही. रेडिओवर म्हणाला, उचल. कंटाळला असेल. शेवटची तर होती." "त्यानंतर मी त्याला पाहिलंच नाही. म्हणजे मी पाठ फिरवल्यावर म्हाताऱ्यानं डाव साधला."

"बोजा टाकलात कुठे?"

"रानावर. गाद्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या होत्या. हलकं आणि मोठं सामान फार वाईट, तुम्हाला माहितीये. वेग घेतला की ते पतंगासारखं वर चढतं, मागच्या पंख्यापर्यंत. आधी गरगर फिरायला लागलं, मग उडायला लागलं. बाबांनी मला लहानपणापासून एकच शिकवलंय. अशा वेळी आधी हुक सोडायच्या बटणावर अंगठा दाबायचा, विचार नंतर करायचा. मी दाबला."

"नंतर?"

"इथं उतरले. धाकट्याला हाका मारल्या, उत्तर नाही. वाटलं, निघाला असेल पायी, रेडिओ पिशवीत टाकला असेल. बाबा जीप घेऊन जाळं शोधायला गेले. मी इंधन भरून बसले. साडेपाच झाले तरी हा आला नाही, तेव्हा शोध सुरू केला. बाबांनाच सापडला तो." "बाबांनाच सापडायचा होता!"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. असल्या वेळी काय बोलावं हे त्यांना पस्तीस वर्षांत जमलं नव्हतं. मग त्या हेलिकॉप्टरमध्ये चढल्या. हुकाला वजनकाटा असतो आणि काटा प्रत्येक फेरीचं वजन नोंदवून ठेवतो. फौजदारांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

अकराव्या फेरीपुढे आकडा होता एकशे शहाण्णव किलो.

"नुसत्या गाद्या ना?" बाईंनी खाली वाकून विचारलं.

"नुसत्या गाद्या," ताई म्हणाली.

३

रखवालदार कोठडीत भिंतीला टेकून बसला होता, बस चुकलेल्या माणसासारखा. बाईंना पाहून तो उठला नाही, पण सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.

"गुडघा दुखतोय तुमचा," तो म्हणाला. "वर यायचे लोक, मी चालण्यावरून ओळखायचो. कोण परत जाणार आणि कोणाला उचलून न्यावं लागणार."

"धाकट्याला ढकललंत?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायचं ते घरी वाटतं. इथे मी विचारायला येते."

म्हातारा हसला. त्याला बोलायला माणूस मिळालं होतं. "मी ढकलेन असं म्हणालो होतो, बाई. बावीस वर्षं ज्या शेगडीनं मला जगवलं तिला भंगारात न्यायला आले, तर काय आरती ओवाळू? पण त्या पोरानं शेगडीला हात लावला नाही. म्हणाला, काका, ही उद्यावर टाकतो, आज तुम्हाला थंडी वाजेल. असल्या पोराला कोण ढकलतं?"

"शेवटच्या फेरीत काय काय भरलं?"

"गाद्या. सोळा. मीच एकेक उचलून दिली, प्रत्येकीवर आकडा आहे. वरून ताडपत्री."

"जड काहीच नाही? भांडी, लोखंडी खाटा?"

"खाटा आधीच गेल्या होत्या. मीच त्याला म्हटलं, अरे, हे फार हलकं होईल, एखादा दगड तरी टाक. दहा फेऱ्या बघून मलाही थोडं कळायला लागलं होतं. तर म्हणाला, वजनाचं माझ्यावर सोडा काका, तुम्ही आत जा, बर्फ उडेल. मी आत गेलो. हेलिकॉप्टर गेलं. बाहेर आलो तर कोणी नाही. म्हटलं, पोरगं सांगून नाही गेलं. जरा वाईट वाटलं, बघा."

बाईंनी वही मिटली. "हे सगळं फौजदारांना सांगितलंत?"

"तीन दिवस सांगितलं. ती पोरगी रोज येते, गजांबाहेर उभी राहते, विचारते, का मारलंस माझ्या भावाला. तिच्या तोंडाकडे बघवत नाही." त्यानं तळहाताकडे पाहिलं. "आज सकाळी मी सही केली, बाई. ढकललं म्हणून."

"काय?"

"मला खाली कोणी नाही. विश्रामगृह गेलं. निदान त्या पोरीला झोप लागेल. उद्या अकराला कोर्टात नेतायत."

बाईंनी कपाळाला हात लावला.

४

रानातला बोजा वस्तादांनी दुसऱ्या दिवशी जीपमधून आणून शेडच्या कोपऱ्यात टाकला होता. तीन दिवस तिथल्या हीटरपाशी पडून गाद्या वाळल्या होत्या. बाईंनी इंधनाच्या पिंपांचा काटा ओढून आणला आणि एकेक गादी त्यावर ठेवली. आकडे एक ते सोळा, एकही कमी नाही. मग जाळं, मग ताडपत्री, मग दोरखंड.

एकूण एकशे बारा किलो.

काट्याची चूक म्हणावी, तर हुकाच्या काट्यानं आधीच्या दहा फेऱ्यांत घोळ केला नव्हता. बाईंनी दोन पिंपं आणि एक खाट पुन्हा मोजून पाहिली होती. गाद्या बर्फात भिजून जड झाल्या असं म्हणावं, तर रखवालदारानं त्या शेगडीजवळून उचलून दिल्या होत्या, कोरड्या. वाटेत काही सांडलं म्हणावं, तर सांडायला दुसरं काही भरलंच नव्हतं. चौऱ्याऐंशी किलो आकाशात चढले होते आणि जमिनीवर आले नव्हते.

बाईंनी ताडपत्री पसरली. एका बाजूनं ती चिरलेली होती, पण तिच्या तोंडाशी ओवलेली दोरी घट्ट आवळून गाठ मारलेली होती. गाठ आतल्या बाजूला होती. बाहेर उभं राहून बांधणाऱ्या माणसाला ती तशी मारताच आली नसती.

"तीस वर्षांपूर्वी," त्या मागे न बघता म्हणाल्या, "एका धरणाच्या कामावर शेवटच्या फेरीला एक मेकॅनिक पोरगी जाळ्यात बसून खाली आली होती. चालायचा कंटाळा म्हणून. छातीला पट्टा, पट्टा कडीला, वरून ताडपत्री. तिला तसं बसायला तुम्हीच शिकवलं होतंत, वस्ताद."

दारात वस्ताद उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"तू किंचाळली होतीस," ते म्हणाले.

"खूप मजा आली होती मला."

वस्ताद आत आले आणि गादीवर बसले. चार दिवसांत ते चारदा म्हातारे झाले होते.

"ताईनं हे बंद केलं होतं," ते म्हणाले. "परवाना हातात आल्या दिवशी तिनं सांगितलं, माझ्या हुकाला माणूस लटकणार नाही. बरोबरच होतं तिचं. पण धाकट्याला मी आमच्या वेळच्या गोष्टी सांगायचो. त्या दिवशी सकाळी चहा पिताना हळूच म्हणाला, बाबा, शेवटच्या फेरीला मी येतो, खाली गुपचूप सोडवून घ्या, ताईला कळायला नको. मी हसलो. नको म्हणालो नाही. हसलो."

"त्याला वाटलं, आपलं वजन धरलं की बोजा हलका राहणार नाही."

"माझंही तेच म्हणणं पडलं असतं. आम्ही नेहमी लोखंडावर बसून यायचो गं. गाद्यांवर कधी कोणी आलं नव्हतं." त्यांनी डोळे मिटले. "मी खाली उभा होतो. बोजा उडताना बघितला. रेडिओचं बटण दाबणार, तेवढ्यात तिनं अंगठा दाबला. आधी अंगठा, विचार नंतर."

५

"मग तुम्ही त्याला कड्याखाली नेलंत."

"रस्ता तिथूनच जातो. पट्टा कापला, अंगावरचं झटकलं. पडला असं वाटेल, म्हटलं. घसरला म्हणतील आणि सोडून देतील. त्या म्हाताऱ्याचं मला सुचलंच नाही. छातीवर वळ उठेल हेही सुचलं नाही." वस्तादांनी बाईंचा हात धरला. "तू लिही ना, घसरला म्हणून. माझ्यासाठी लिही. ती जगते ती त्या उडवणाऱ्या हातावर. त्याच हाताच्या अंगठ्यानं भावाचा जीव घेतला हे तिला कळलं, तर माझी दोन्ही पोरं जातील."

"घसरलेल्या माणसाच्या छातीवर आडवा वळ उठत नाही. पट्ट्याशिवाय त्याचं दुसरं उत्तर एकच आहे, फौजदारांची सळई."

"त्यानं सही केलीये म्हणे."

"केलीये."

"त्याला कोणी नाही."

हे ते बोलून गेले आणि स्वतःच दचकले. तीस वर्षं ओळखीचा माणूस असं बोलताना ऐकणं बाईंना नको होतं. पण खरं सांगायचं तर तोच विचार त्यांच्याही मनात आदल्या तासात येऊन गेला होता. चार महिन्यांत त्या निवृत्त होणार होत्या. एक म्हातारा तुरुंगात उबेला राहील, एक पोरगी उडत राहील, एक बाप जेवायला लागेल. फक्त एक सही.

"गाद्यांचं वजन किती भरलं?"

ताई मागच्या दारात होती. अंगात कामाचा डगला, हातात पाती पुसायचं फडकं. ती वस्तादांकडे बघत नव्हती. तिची नजर काट्यावर होती, नीट रचून ठेवलेल्या सोळा गाद्यांवर होती.

"ताई, तू खोलीत जा," वस्ताद म्हणाले.

"मी मॅडमना विचारलंय."

बाईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं आणि पस्तीस वर्षांची सवय आडवी आली.

"एकशे बारा."

ताईला कागद बघावा लागला नाही. त्या दिवशी उचलताना तिनं काटा वाचला होता, कुठलाही वैमानिक वाचतो तसा.  मग तिनं फडकं चार घड्या करून पिंपावर ठेवलं, आणि आपला उजवा हात डगल्याच्या खिशात घातला.

"तुम्ही मला चार दिवस त्या माणसाच्या नावानं बोंबलू दिलंत, बाबा," ती म्हणाली.



"चला," ती बाईंना म्हणाली. "फौजदार जेवायला जायच्या आत."

जीप बाईंनीच चालवली, गुडघा ठणकत असताना; वस्ताद मागे बसले. ठाण्यात ताईनं सगळं उभ्यानं सांगितलं, तारीखवार, वजनासकट, एकदाही न अडखळता. फौजदारांचा चेहरा पडला. त्यांचं तयार प्रकरण हातचं गेलं होतं. त्यांनी दोनदा बेरीज तपासली, एकदा वजाबाकी, आणि शेवटी किल्ल्या मागवल्या. वस्तादांना म्हणाले, तुम्ही थांबा, पुरावा हलवलाय तुम्ही.

रखवालदार बाहेर आला. ताईनं त्याच्यासमोर जाऊन हात जोडले.

"कशाला सांगितलंस, पोरी," म्हातारा हळहळून म्हणाला. "मी सही केली होती ना." मग तो पायऱ्या उतरला आणि फाटकापाशी थांबला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्याला कुठेच जायचं नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आत बाकावर वस्ताद बसले होते. ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. 

"बाबा, एकच सांगा. तुम्ही पोचलात तेव्हा तो..."

"गेला होता," वस्ताद पटकन म्हणाले. "पडल्या पडल्या. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

ताईनं मान हलवली. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं मधली जागा ओलांडून बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ते एवढंसं तिला पुरणार होतं, निदान आजच्यापुरतं.

बाई दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरांचा अहवाल त्यांनी सकाळीच वाचला होता. मृत्यू रक्तस्रावानं झाला होता; गाद्यांमुळे पडण्याचा जोर कमी झाला होता, हे त्यांना आता कळत होतं. पडल्यानंतर किमान अर्धा तास तो जिवंत होता, बहुधा शुद्धीवर. वस्तादांच्या कमरेला रेडिओ होता. इस्पितळ हवेतून बारा मिनिटांवर. त्या दिवशी तळावर इंधन भरून एकच हेलिकॉप्टर उभं होतं, आणि ते बोलवायचं म्हणजे ताईला बोलवायचं. त्या अर्ध्या तासात रानात बापलेकांमध्ये काय ठरलं, कोणी कोणाला नको म्हटलं, हे बाईंनी विचारलं नाही. विचारायचं त्यांचं कामच होतं, तरी विचारलं नाही.

अहवाल दडवणं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. नियमाप्रमाणे त्याची एक प्रत वैमानिकाला द्यावी लागते, दहा दिवसांच्या आत.